मागच्या सीटवरचं घड्याळ

पहिला आराखडा मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. मुंबईहून रत्नागिरी, समुद्राच्या कडेकडेने, सात दिवस, रोज पन्नास किलोमीटर. एकट्यादुकट्या सायकलवाल्याला यात काही वावगं दिसणार नाही. रोज पन्नास म्हणजे रमतगमतच. रस्ते, चढ, मुक्काम, खर्च, सगळं मांडलं होतं. पाच वर्षांची मुलगीही होती त्या पानावर, पण सामानाच्या यादीत. मुलगी १८ किलो, तिची सीट ४ किलो, बाकी पिशव्या १२ किलो.

बायकोने पान वाचलं आणि एवढंच विचारलं, "हिला शू कधी लागणार ते यात कुठे लिहिलंय?"

मग महिनाभर आधी एक रंगीत तालीम झाली. घरापासून पंचवीस किलोमीटरवर मावशी राहते. शनिवारी सकाळी तिच्याकडे जायचं, रविवारी परत यायचं. जायला पाच तास लागले. पायडल मारण्यात त्यातले सव्वादोन तास गेले. उरलेल्या पावणेतीन तासांचा हिशेब मी संध्याकाळी आठवून आठवून लिहिला. तीनदा शू, दोनदा खाऊ, एकदा चप्पल पडली म्हणून मागे फिरणं. रस्त्याच्या कामावर उभ्या असलेल्या रोडरोलरसमोर पंचवीस मिनिटं, आणि कुंपणावरचा सरडा मान हलवायची थांबेपर्यंत आणखी पंधरा. बाकीचं नुसतंच इकडेतिकडे.

तो हिशेब पुढच्या सगळ्या बेताच्या मुळाशी आहे. आमची मुलगी सीटवर चाळीस मिनिटं खुशीत बसते, गाणी-गोष्टी पुरवल्या तर पन्नास, आणि तासभर काही केल्या नाही. तुमचं मूल तीस मिनिटांचं असेल किंवा साठ मिनिटांचं. पण ते किती मिनिटांचं आहे हे कळल्याशिवाय नकाशा उघडण्यात अर्थ नाही. आमचा ताशी वेग मुलीसकट साधारण बारा किलोमीटर, म्हणजे चाळीस मिनिटांत आठ. असे तीन टप्पे सकाळी झाले की चोवीस किलोमीटर, आणि तिथे दिवस संपतो. दुपारनंतर चौथा टप्पा घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. चौथ्या टप्प्यात जे आठ किलोमीटर मिळतात त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी सकाळी रडारडीने करावी लागते.

नवा आराखडा असा झाला. पहिल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट साधारण तासाभरात पोचवते आणि सायकली घेते. तिथून अलिबाग वीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी नागाव, चौल, रेवदंडा करत साळावच्या पुलावरून काशीद, तीसच्या आसपास; सगळ्यात लांब मजल हीच, म्हणून ती पाय ताजे असताना. तिसऱ्या दिवशी मुरूड. चौथ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी आणि पुढे दिवेआगर. पाचव्या दिवशी काहीही नाही. सहाव्या दिवशी शेखाडीवरून समुद्राला खेटून जाणाऱ्या रस्त्याने श्रीवर्धन, सातव्या दिवशी हरिहरेश्वर. एकूण एकशेचाळीसच्या आतबाहेर. तयारीचा सायकलवाला हे अंतर एका दिवसात कापतो आणि संध्याकाळी वर फोटोही टाकतो. रत्नागिरी नकाशावर राहिली.

हा पट्टा निवडण्यामागे हिशेब होता. कोकणचा किनारी रस्ता म्हणजे खाडी, गाव, चढ, सडा, उतार आणि पुन्हा खाडी. मोठ्यांच्या दृष्टीने ही कटकट आहे, कारण एकसारखा वेग कधी लागतच नाही. लहान मुलाच्या दृष्टीने मात्र दर आठ-दहा किलोमीटरवर काहीतरी बदलतं. कोर्लईला दीपगृह आहे, मुरूडजवळ राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाता येतं, आगरदांड्याला फेरीबोट आहे. फेरीबोटीला इकडचे लोक जंगलजेटी म्हणतात. पंधरावीस मिनिटांत ती पलीकडे नेते, तेवढ्यात पाय मोकळे होतात, आणि मुलीला ट्रक, एसटी, कोंबड्यांच्या पाट्या आणि आपण एकाच फळीवर उभे आहोत याचं जे कौतुक वाटतं ते कुठल्याही किल्ल्याने वाटलं नाही. बोट चुकली तर पुढचीची वाट बघावी लागते, हा तोटा मी आधी मोजला होता. प्रत्यक्षात धक्क्यावर बसून खेकडे बघण्यात तो वेळ कधी गेला कळलं नाही.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं ते वाऱ्यासाठी. हिवाळ्यात दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला लागतो. खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा फायदा एकदाच झाला, उशीर झाला त्या दिवशी. एरवी साडेदहाच्या आत आम्ही मुक्कामाला पोचलेलो असायचो. डिसेंबर-जानेवारीत कोकणात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सव्वासातला निघायचं, मध्ये अर्ध्या-पाऊण तासाचे दोन थांबे, की साडेदहा वाजतात. त्यानंतरचं ऊन मोठ्याला सोसतं. मुलाचं गणित वेगळं असतं.

हे गणित नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सायकलवर मूल नेताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पायडल मारणाऱ्याचं शरीर खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला देतं, बाकी सगळी उष्णता होते. चढावर शंभर वॅटचं काम करणारा माणूस तीनशे-चारशे वॅटची शेगडी होऊन बसलेला असतो. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसलेलं मूल मात्र स्वस्थ असतं, त्याची शेगडी मंद. म्हणजे एकाच सायकलवर दोन ऋतू. सकाळी साडेसातला उतारावरून ताशी तीसने खाली येताना मला घाम असतो आणि तिचे ओठ गारठलेले असतात. मला वारा छान लागतोय म्हणून तिचं स्वेटर काढणं हा शुद्ध मूर्खपणा, आणि मी तो पहिल्याच दिवशी केला. दुपारी उलट होतं. लहान शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे बाहेरची उष्णता ते पटकन शोषतं, आणि घाम कमी येत असल्याने ती सहज टाकत नाही. त्यातून प्लॅस्टिकच्या सीटला पाठ चिकटलेली. तळहात-तळपाय बघून काही कळत नाही. कॉलरच्या आत, मानेच्या मागे हात घालून बघायचं. गार लागलं तर कपडा चढवायचा, ओलसर गरम लागलं तर सावली. दर थांब्याला हे केलं की पुरे.

पाण्याचा हिशेब बालरोगतज्ज्ञांकडे तयार आहे. हॉलिडे आणि सीगर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९५७ मध्ये मांडलेला तो नियम आजही रुग्णालयांत वापरतात. वजनाच्या पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलीलीटर, पुढच्या दहा किलोंना किलोमागे ५०. आमच्या अठरा किलोंचे १००० अधिक ४००, म्हणजे दिवसाला चौदाशे मिलीलीटर, तेही खाटेवर पडून असताना. उन्हात त्याहून जास्त लागणार. पण पाच वर्षांचं मूल तहान लागली म्हणून सांगेलच असं नाही. ते चिडचिड करतं, आणि आपण समजतो भूक लागली. शूचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडतंय हे ओळखण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. शहाळं जागोजाग मिळतं, ते उत्तमच. ओआरएसच्या मात्र एक लीटरवाल्या पुड्यांपेक्षा २०० मिलीलीटरच्या छोट्या पुड्या न्याव्यात. मोठी पुडी अंदाजाने अर्धी करून पेलाभर पाण्यात ढवळणं म्हणजे औषधाचं प्रमाण बिघडवणं, आणि त्यातलं मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते बाधतं.

आता वाहन. मूल सायकलवर नेण्याचे चार मार्ग आहेत आणि युरोपातली पुस्तकं वाचून कोकणात जाणारा माणूस पहिल्यांदा चुकीचा निवडतो. मीही ट्रेलरच्याच प्रेमात होतो. दोन चाकांचं तंबूसारखं ते डबडं सायकलच्या मागे जोडायचं, आत मूल झोपतं, खेळतं, खाऊ सांडतं. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तीनशेहून जास्त किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, बहुतेक सपाट, मोटारींपासून बऱ्यापैकी वेगळा. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ट्रेलर जरूर घ्यावा. आपल्याकडे चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर समोरून एसटी आली की सायकलला कडेची मातीच उरते. तिथे पाऊण मीटरहून रुंद, जमिनीलगतचं, धुराच्या नळकांड्याच्या उंचीवर मूल बसवलेलं वाहन ओढत नेणं मला पटत नाही. आतली हवाही उन्हात चटकन तापते.

दुसरा मार्ग, मुलाने स्वतःची सायकल चालवावी. पाच वर्षांच्या मुलाची सोळा इंची लोखंडी सायकल दहा-अकरा किलोंची असते आणि मूल अठराचं. पासष्ट किलोंच्या माणसाला अडतीस किलोंची सायकल देऊन घाट चढ म्हणण्यासारखंच हे आहे. अंगणात आणि वाळूवर ठीक. तिसरा, मुलाची अर्धी सायकल मोठ्याच्या सायकलला मागून जोडायची; पुढचं चाक नाही, पण पायडल आहे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ही फार चांगली सोय, कारण त्याला मदत केल्याचं समाधान मिळतं. मात्र मूल त्यावर झोपू शकत नाही, आणि पाच वर्षांचं मूल दहा वाजता कुठेही झोपू शकतं.

उरली मागची सीट. माझ्या वडिलांनी मला नेलं ते दांडीवर. दांडीला क्लॅम्पने बसवलेली पत्र्याची इवलीशी सीट, पाय ठेवायला दोन खुंट्या आणि हँडलवर माझे हात त्यांच्या हातांच्या आत. गप्पांसाठी ती जागा अजूनही सगळ्यात भारी, पण पट्टा नव्हता, आणि पुढच्या चाकात पाय जाऊन टाके पडलेली मुलं आमच्या वर्गात दोन होती. युरोपीय मानक ईएन १४३४४ प्रमाणे मागच्या सीटवर ९ ते २२ किलोंचं मूल बसवता येतं, हँडलजवळच्या पुढच्या सीटवर १५ किलोपर्यंतचं. सीटच्या बाजूला एक खूण कोरलेली असते, ती मुलाच्या वजनाचा मध्य दाखवते. ही खूण मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे यावी, किंवा फार तर दहा सेंटीमीटर मागे. त्याहून मागे गेली तर चढावर पुढचं चाक उचलल्यासारखं हलकं लागतं. दुकानदाराने माझी सीट बसवून दिली तेव्हा खूण चौदा सेंटीमीटर मागे होती. विचारल्यावर तो म्हणाला, "चालतं साहेब, सगळे अशीच बसवतात." पट्टी काढून मोजा. पाय चाकात जाऊ नये म्हणून पायाच्या बाजूला प्लॅस्टिकची ढाल असते ती अपुरी वाटली, म्हणून मी बायकांच्या जुन्या सायकलींना असायचं तसं साडीगार्ड सायकलबाजारातून आणून लावलं. मुलीला आजीच्या सायकलचा दागिना वाटला तो.

सीट कॅरिअरवर बसणारी असेल तर कॅरिअरवर कोरलेला आकडा वाचावा. बऱ्याच कॅरिअरवर २५ किलो लिहिलेलं असतं. मुलगी आणि सीट मिळूनच बावीस होतात, म्हणजे त्याच कॅरिअरला पिशव्या लटकवायला जागा राहत नाही. आमच्या बारा किलोंच्या पिशव्या त्यामुळे बायकोच्या सायकलवर गेल्या, आणि माझ्या वहीतली सामानाची यादी मोडीत निघाली. मी, सायकल, सीट आणि मुलगी मिळून १०२ किलो. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी सहाच्या वेगाने हे वजन न्यायला सुमारे शंभर वॅट लागतात. चढ आठ मीटरचा झाला की दीडशेच्या घरात. पहिलं मला जमतं, दुसरं चार-पाच मिनिटांपलीकडे नाही. पुढे २२ आणि मागे ३४ दात असलेला गिअर असेल तर एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते आणि पाच किलोमीटरच्या वेगाने तोल सांभाळत चढता येतं. दिघीहून वर येताना मात्र सरळ उतरलो. मुलगी चालत, मी ढकलत. अठरा किलो कमी झाले आणि तिला वाटेतल्या करवंदीच्या जाळ्या तपासायला मिळाल्या. जानेवारीत करवंदं नसतात हे तिला पटलं नाही. एकेक जाळी बघितली तिने.

चालत्या सायकलवरून मूल पडेल ही भीती सगळ्यांना असते. आमचं मूल पडलं ते उभ्या सायकलवरून. चौलच्या पुढे एका टपरीवर मी सायकल स्टँडवर लावली, मुलगी पट्ट्यांत बांधलेली, झोप लागत होती म्हणून उतरवली नाही. दोन चहाचे पैसे द्यायला वळलो. कडेची माती वरून घट्ट, आतून भुसभुशीत. स्टँडचा एक पाय हळूहळू आत गेला. मला आवाज आला तो बरणीवरचं झाकण पडल्याचा, कारण हँडल टपरीच्या फळीवर आपटलं होतं. मुलगी सीटसकट आडवी, हेल्मेट मातीत, डोळे टक्क उघडे. क्षणभर शांतता, मग रडणं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. टपरीवाल्या काकांनी आधी तिला उचललं, मग मला म्हणाले, "स्टँडखाली दगड ठेवायचा असतो."

त्या दिवसापासून मूल चढतं शेवटी आणि उतरतं आधी. पिशव्या, बाटल्या, गॉगल, हातमोजे सगळं झाल्यावर मूल. थांबलं की सगळ्यात आधी मूल खाली. मध्ये एक हात सायकलवर. आणि खाली उतरून खेळायला पळालं की हेल्मेट काढून घ्यायचं, कारण घसरगुंडीच्या किंवा झाडाच्या बेचक्यात हेल्मेट अडकलं तर हनुवटीखालचा पट्टा गळ्याशी येतो. सीटवर झोपलेल्या मुलाचं डोकं पुढे लोंबतं, त्यालाही हेल्मेटचा मागचा फुगवटा कारणीभूत असतो. मागून सपाट असलेलं हेल्मेट आणि मानेभोवती छोटी उशी, एवढ्याने बरंच निभावतं. गाढ झोपलं तर मात्र मी थांबतो. सावलीत चटई टाकून अर्धा तास. घाई असेल तर ती वहीतल्या आराखड्याला असते.

कोणत्या वयात न्यावं, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेचं उदाहरण मला आठवतं. १९६३ मध्ये ती डंकर्कहून दिल्लीपर्यंत एकटी सायकलवर आली. १९६८ मध्ये मुलगी झाल्यावर तिने पाच वर्षं असले प्रवास थांबवले आणि १९७३ च्या हिवाळ्यात, मुलगी पाचाची होत असताना, तिला घेऊन मुंबईत उतरली. मग दोघी दक्षिणेकडे कुर्गला गेल्या. सायकल तेवढी घरी ठेवली होती. बसने, पायी, जमेल तसं. जगातल्या सगळ्यात कणखर सायकलवाल्यांपैकी एक बाई पाच वर्षांच्या मुलीसाठी सायकल सोडते, यातून ज्याने त्याने हवा तो अर्थ काढावा. मी असा काढला की वर्षाचं मूल नीट बसू लागल्यावर तासाभराची फेरी मारायला हरकत नाही, पण मुक्कामी सहल ज्या मुलाला आपल्याला काय हवं-नको ते शब्दांत सांगता येतं त्याच्याबरोबरच करावी. दीड वर्षाचं मूल रडतं तेव्हा पट्टा रुततोय, ऊन लागतंय की पोट दुखतंय हे रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखणं फार अवघड असतं.

मुक्कामाच्या बाबतीत कोकण उदार आहे. तंबू, स्टोव्ह, भांडी हे सगळं ओझं मी घरीच ठेवलं, कारण जवळजवळ प्रत्येक गावात घरगुती राहण्याची सोय आहे आणि तिथे मऊ भात मिळतो. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर सकाळी साडेसहाला घावनही मिळतात. दिवेआगरच्या काकूंनी आम्हाला आत येताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा पोरीला सायकलवरून आणलंत? गाडी नाही का तुमच्याकडे?" मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलंच नाही. "तिखट चालतं का हिला? नाही? मग दूधगूळ घालून देते." पाच मिनिटांत मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. वाटेतल्या खाऊसाठी राजगिऱ्याच्या वड्या, वेलची केळी, खजूर, पोळीला तूपगूळ लावून केलेल्या गुंडाळ्या. चॉकलेट वितळतं आणि पट्ट्यांच्या बकलमध्ये जातं. ते बकल नंतर उघडत नाही.

पाचव्या दिवसाची सुट्टी हा मूळ आराखड्यात नसलेला आणि सगळ्यात उपयोगी ठरलेला दिवस. दिवेआगरची पुळण लांबलचक आणि ओहोटीला टणक. तिथे मुलीने एका भाड्याच्या छोट्या सायकलवर स्वतः मनसोक्त चालवलं. त्यासाठी भरती-ओहोटीची वेळ ठाऊक हवी, आणि कोळ्यांचा जुना हिशेब मोबाइलपेक्षा लवकर लागतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही हाच हिशेब लावायचा. भरतीला किंवा उधाणाच्या दिवसांत तिथे मूल घेऊन उतरू नये. आणि वाळूत चालवलेली सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावं, नाहीतर खारी हवा आठ दिवसांत चेन तांबूस करते.

दुरुस्तीचं थोडक्यात. गावातल्या सायकल दुकानात पंक्चर निघतं, सोळा-वीस इंची ट्यूबही मिळते; तुमच्या महागड्या सायकलची बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हची ट्यूब मिळत नाही आणि तिथला पंपही त्याला बसत नाही. दोन ट्यूब आणि व्हॉल्व्हवर चढवायची पितळी टोपी सोबत असू द्यावी.

औषधांच्या पिशवीत मी फार काही नेलं नाही, पण दोन गोष्टी त्या भागाच्या आहेत. कोकणात लाल विंचू असतो आणि लहान मुलाला त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून किती जीव वाचवता येतात ते दाखवलं, आणि ही पद्धत मग जगभर गेली. आपल्यापुरतं काम एवढंच, की रात्री बाहेर काढलेले बूट सकाळी झटकून घालायचे आणि दंश झालाच तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस. म्हणून प्रत्येक मुक्कामापासून सरकारी रुग्णालय किती लांब आहे ते वहीत लिहिलेलं होतं. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, मुरूडला ग्रामीण. शिवाय १०८ची रुग्णवाहिका. आणि दर मुक्कामापुढे आणखी एक ओळ: इथून सहल मोडायची झाली तर कशी? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच होतं, मिनिडोअर रिक्षा. मागे दोन सायकली सुतळीने बांधून माणसं पुढे बसतात. तिसऱ्या दिवशी मुलीला ताप आल्यासारखं वाटलं तेव्हा मी त्या ओळीकडे दोनदा पाहिलं. ताप नव्हता, दुपारी झोप झाली नव्हती.

हरिहरेश्वरहून बागमांडल्याची फेरीबोट जवळच आहे. पलीकडे वेश्वी, आणि तिथून नाना फडणवीसांचं वेळास. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघत असाल तर दोन दिवस जास्त ठेवा. तिथे कासवांची पिल्लं अंड्यांतून निघून समुद्रात जाताना बघायला मिळतात. आम्ही जानेवारीत होतो, म्हणून हरिहरेश्वरहूनच परत फिरलो. रेल्वेने यायचं तर माणगाव गाठावं लागतं, सायकली आधी बुक कराव्या लागतात आणि गाडी लहान स्टेशनात जेमतेम दोन मिनिटं थांबते. दमलेलं मूल एका हाताला धरून दोन सायकली ब्रेकव्हॅनमध्ये चढवण्याचा उत्साह माझ्यात उरला नव्हता. छोटा टेम्पो ठरवला. म्हसळ्याच्या वळणांवर मुलगी माझ्या मांडीवर झोपली, हेल्मेट हातात घट्ट धरून.

घरी आल्यावर सीट सोडवून धुतली. बकलच्या खाचेतून वाळू, राजगिऱ्याचे दाणे आणि एक चपटा शिंपला निघाला. त्याच आठवड्यात तिला कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर उभं केलं. साडेअठरा. वर्षाला साधारण दोन किलो धरले तर बावीसला पोचायला पावणेदोन वर्षं, म्हणजे या सीटवरचा अजून एकच हिवाळा. वहीत मी दाभोळ-धोपावे फेरीबोटीची वेळ टिपून ठेवली आहे. त्याखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, "रोडरोलर".